काहिलीच्या काठावरचे दोन हात

आमच्या शाळेच्या भिंतीवर राहीबाईचं चित्र आहे. त्या भिंतीपाशी मी रोज मोटारसायकल लावतो आणि चित्राकडे न बघता वर्गावर जातो. चित्रात राहीबाई काहिलीत ताठ उभी आहे. हातात वल्हं, वाऱ्यावर उडणारा पदर, वटारलेले डोळे. खाली ठळक अक्षरात ‘धैर्य हाच दागिना’. आता काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, आठ-नऊ फूट रुंद आणि उथळ. तिच्यात उभं राहून कुणी वल्हं मारू लागलं तर ती पहिल्याच झटक्याला कलंडेल, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तासगावच्या पेंटरला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही.

मी मूळचा लोणंदचा. चौदा वर्षांपूर्वी बदली होऊन या कृष्णाकाठच्या गावात आलो. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला इथंच नोकरी करायची आहे. माझ्या धाडसाची यत्ता एवढ्यावरूनच कळावी.

राहीबाईचं माहेर उंब्रजकडचं. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती इथं आली. नवरा नाथाजी स्वभावानं गरीब, सकाळी पारावर बसला की जेवायलाच उठणारा. घर हिनंच ओढलं. आप्पासोंच्या गुऱ्हाळावर बावीस वर्षं काढली, मुलगा साईराज फौजेत गेला तोही याच कमाईवर. उंचीला बेताची, हाताला कोपरापर्यंत चटक्यांचे डाग, आणि जीभ अशी की गुऱ्हाळावरचे गडीसुद्धा तिच्यापुढं जपून बोलायचे.

गुऱ्हाळावर तिची जोडीदारीण होती बायडाबाई, खालच्या बौद्धवस्तीतली. रस काढून उरलेली चिपाडं बायडाबाईनं उन्हात वाळवायची आणि राहीबाईनं ती काहिलीखालच्या चुलवाणात सारायची. दुपारी दोघी एकाच फडक्यातली भाकरी खायच्या. काहींच्या डोळ्यांत ते खुपायचं, पण राहीबाईच्या तोंडाला कोण लागणार?

२०१९ च्या महापुरात पाणी वस्तीत शिरलं. बहुतेक माणसं वेळेवर निघून वरच्या अंगाला शाळेत आली. अकरा जण मागे राहिले. कोण म्हातारं, कोण आजारी, एक आठ दिवसांची बाळंतीण. सकाळी उठून बघतात तर चहूकडून पाणी. आप्पासो आपल्या कुटुंबासह शाळेतच होते आणि गुऱ्हाळाची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात होती. राहीबाई आणि बायडाबाई त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. काहील द्या म्हणाल्या, माणसं आणतो.

आप्पासो म्हणाले, “सरकारी बोट यायलीय. काहील व्हावून गेली तर औंदाचा गूळ काय तुज्या टकुऱ्यावर शिजवू?”

हे वाक्य मी स्वतः ऐकलं. मी तिथंच सतरंजीवर बसलो होतो. माझ्याबरोबर निदान चाळीस पुरुष बसले होते. त्यातला एकही उठला नाही, मीही नाही. सरकारी बोट आली दुसऱ्या दिवशी दुपारी.

दोघी तशाच गुऱ्हाळाकडे गेल्या. तिथं गुडघाभर पाणी झालं होतं. राहीबाईनं पहार घालून फाटकाचं कुलूप फोडलं. आत जमिनीवर उतरवून ठेवलेली काहील पाण्यानं आपोआप उचलली होती, तरंगत होती. तिथं दोघींत जे बोलणं झालं, ते मला राहीबाईनं पुढं दहा वेळा सांगितलंय. तिनं विचारलं, “बायडे, पवायला येतंय का गं?” बायडाबाई म्हणाली, “येतंय. तू वर बस. माणसं धराया कुणीतरी वर पायजे.”

राहीबाई काहिलीत बसली. बायडाबाई मागून काठ धरून ढकलत निघाली. वस्तीच्या रस्त्यावर पाणी छातीला, कुठं गळ्याला. विजेच्या खांबांच्या रांगेवरून रस्ता ओळखायचा. मधे एक ओढा, तिथं पाय टेकायचे नाहीत. तीन खेपा झाल्या. अकराच्या अकरा माणसं वर आली, बाळंतिणीचं तान्हं राहीबाईच्या मांडीवर.

तिसऱ्या खेपेला शाळेच्या गच्चीवरून कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. त्यात राहीबाई बसलीय, कुशीत तान्हं, भोवती माणसं. बायडाबाईचं डोकं माणसांच्या आड गेलंय. तिचे फक्त दोन हात दिसतात, काहिलीच्या काठावर रोवलेली दहा बोटं. पेपरवाल्यानं जागेत बसवायला फोटो कापला, तेव्हा ती बोटंही गेली.

काहिलीला पोचा आला म्हणून आप्पासोंनी दोघींना कामावरून काढलं. पुढं पेपरात आलेल्या फोटोवरून तालुक्याला राहीबाईचा सत्कार ठरला, तशी आप्पासोंनी तिला परत बोलावली. बायडाबाईला बोलावलं नाही. ती आजही बेदाण्याच्या शेडवर जाते, सकाळी सातच्या टेम्पोनं, उभ्यानं.

सत्काराला राहीबाई बायडाबाईला बरोबर घेऊन गेली होती. माईकवर तिचंच नाव सांगायचं, असं एसटीत बसल्या बसल्या ठरवलेलं. बायडाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पाचव्या ओळीत बसली. राहीबाईला शाल दिली, नारळ दिला, तोंडापुढं माईक धरला. समोर हजारभर माणसं. आणि पुराच्या पाण्यावर काहिलीत बसलेली ही बाई त्या माईकपुढं गारठली. “समद्यांस्नी नमस्कार,” एवढंच बोलली आणि खाली बसली.

येताना बायडाबाई एसटीत दुसऱ्या बाकावर बसली. तेव्हापासून सहा वर्षं ती राहीबाईशी एक शब्द बोलली नाही. दारावरून जाते, पण मान वळवत नाही. राहीबाईनं दोनदा भाकरी नेऊन दिली, दोन्ही वेळा ती फडक्यासकट परत आली.

हे सगळं राहीबाईनं मला गेल्या दिवाळीत सांगितलं. भाऊबीजेला शाळेच्या पायरीवर येऊन बसली आणि सुरुवातच शिवीनं केली.

“मास्तर, त्या भितीवरची सटवी पुसून टाका. मी न्हवं ती.”

“राहीबाई, गावाचा अभिमान आहे तो.”

“कसला आबिमान? मी त्या काहिलीत भ्यानं लुगड्यात मुतले हुते. मोठमोठ्यानं रडत हुते. त्यो फोटू नीट बगा, माजं त्वांड उगडं हाय त्ये आरोळी मारल्यालं न्हाई, रडत्यालं हाय. पान्यात बायडी हुती.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “साईराज परवा सुट्टीवर आलता. त्याला सांगितलं. त्यो म्हनला, आई, आमच्यात म्होरं जानारा समद्यास्नी दिसतोय, त्याला कव्हर देनारा दिसत न्हाई. त्याचं नाव म्होरच्यानंच सांगायचं असतंय. तू न्हाई सांगितलंस, ह्ये वंगाळ केलंस. पोटच्या पोरानं सांगितलं, मास्तर. मला बोलाय येत न्हाई लोकांत. तुमी यात्रंला नाटक ल्हिता. त्यात तिचं नाव घाला. तिनं ऐकलं की बास.”

मी लिहिलं. खरंच लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. दोन बायका, एक काहील. मग नाटकाचा खर्च उचलणाऱ्या जयराजकडं वही गेली. जयराज म्हणजे आप्पासोंचा मुलगा. त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं. तीन दिवसांनी वही परत आली. नाटकाचं नाव बदलून ‘रणरागिणी राहीबाई’ झालेलं. एक नवीन पात्र आलेलं, तरुण जयराज, जो आपण होऊन किल्ली देतो आणि पुरात उडी घेतो. ती भूमिका जयराज स्वतःच करणार होता. पुराच्या दिवशी हा गृहस्थ पुण्यात होता.

आणि बायडाबाईवर लाल रेघ.

“मास्तर, हिरॉईन एकच असते,” जयराज हसत म्हणाला. “दोन-दोन नट्या कुठनं आणायच्या सांगलीवरनं? पब्लिक कन्फ्यूज होतं.”

खरं कारण तो बोलला नाही. मीही बोललो नाही. आमच्याकडं ते कारण बोलायचं नसतं, नुसतं पाळायचं असतं. मी मान डोलावली आणि घरी जाऊन स्वच्छ अक्षरात वही पुन्हा उतरवली, बायडाबाईशिवाय. राहीबाईला सांगायचं टाळलं. प्रयोगाच्या दिवशी तिला कळेल तेव्हा बघू, म्हटलं. आम्ही शिकलेली माणसं भेकडपणासुद्धा सुवाच्य अक्षरात करतो.

रात्री दहानंतर स्पीकर बंदचा नियम आल्यापासून आमच्या यात्रेतलं नाटक दुपारी चारला सुरू होतं. देवळापुढं मांडव, पुढं पंचांच्या खुर्च्या, त्यात मधोमध आप्पासो. आमच्या नाटकांची एक रीत आहे. नाटक चालू असताना बघणाऱ्यांना नटाचं काम आवडलं की ते नोट आणि चिठ्ठी पाठवतात. मग नाटक तिथल्या तिथं थांबतं. नटानं हात वर केलेला असला तर तो तसाच उभा राहतो. निवेदक चिठ्ठी जशीच्या तशी वाचतो आणि ज्याच्या नावाचं बक्षीस असेल त्यानं येऊन, नमस्कार करून ते घ्यायचं. आलेली चिठ्ठी वाचलीच पाहिजे. बारा वर्षांपूर्वी एका भावकीची चिठ्ठी वाचायची राहिली, तर टाके पडेपर्यंत मारामारी झाली होती. त्यामुळं आमचा निवेदक सिद्धू पुढं येईल तो कागद मजकूर न बघता वाचतो.

पहिला अंक सुरू झाला. दोघांनी दोन टोकांना धरलेलं निळं कापड हलवलं, तो महापूर. थर्माकोलची काहील दोरीनं ओढली. सांगलीहून आणलेल्या समीक्षानं राहीबाईचं काम धरलेलं. गोरी, उंच, नाकात मोठी नथ. ती ओरडली, “कृष्णामाई, आज तुझी आणि माझी झुंज आहे!” टाळ्या पडल्या. मग जयराज आला आणि छातीवर हात मारून म्हणाला, “ही घे किल्ली, राही! काहील काय, प्राण मागितलास तरी देईन!” आप्पासोंनी रुमालानं डोळे टिपले. मी विंगेत बसून वहीतून ओळी पुरवत होतो आणि माझ्याच ओळींची मला शिसारी येत होती.

पहिला अंक संपायला आला तेव्हा माझ्या मानेशी कुणाचा तरी श्वास जाणवला. राहीबाई होती. विंगेतल्या पोरांना ढकलून आत आली होती.

“बायडीचं नाव कवा येतंय?”

मी वहीचं पान उलटलं.

“मास्तर, कवा येतंय?”

“पुढच्या प्रयोगाला नक्की घालू, राहीबाई. या वेळेला जरा...”

“म्होरच्या टायमाला?” तिचे डोळे लाल झाले होते. “सा वर्सं म्होरचाच टाइम चाललाय. ती तिकडं रसाच्या गाड्यामागं हुबी हाय. नाटकाआदी नातीचा नाच हुता त्यो बगाया आली आन माजं नाव ऐकून थांबली. आता निगून चालली. मी मेल्यावर घालनार व्हय नाव?” तिनं कमरेचा बटवा सोडून दहाच्या पाच नोटा माझ्या वहीवर आपटल्या. “चिठ्ठ्या ल्हिवा. मी सांगतीया तशा. एक बी अक्शार बदलायचं न्हाई.”

मला नाही म्हणता आलं असतं. जयराज चार हातांवर होता. पण माझ्यातही कुठंतरी राग साठला होता, आणि तो पहिल्यांदाच घाबरण्यापेक्षा मोठा झाला. वहीचं शेवटचं पान फाडून मी पाच चिठ्ठ्या लिहिल्या. तिनं त्या पोरांकडून न पाठवता स्वतः नेऊन सिद्धूच्या हातात दिल्या.

जयराजनं पुरात उडी घ्यायला दोन्ही हात वर केले, आणि सिद्धूनं माईक उचलला. नाटक थांबलं.

“राहीबाई नाथाजी यांच्याकडून दहा रुपये,” सिद्धू ठेवणीतल्या आवाजात वाचू लागला, “आप्पासोंना, माणसं बुडत असताना गुऱ्हाळाची किल्ली खिशात नीट सांभाळल्याबद्दल.”

मांडवात आधी कुणाला काही कळलं नाही. मग मागून एक शिट्टी आली. सिद्धूचं तोंड उघडंच राहिलं. जयराज हात वर केलेल्या अवस्थेतच त्याच्याकडं बघून मान हलवू लागला, नको, नको. सिद्धूनं उरलेल्या चिठ्ठ्या खिशात घालायचा प्रयत्न केला, तसा गलका झाला. “वाच रं! चिठ्ठी हाय, वाच! वाचायचीच रीत हाय!” वस्तीतली पोरं उठून उभी राहिली. त्यांच्यामागं गुऱ्हाळावरचे गडी उठले.

सिद्धूनं वाचली. “दहा रुपये जयराज यांना, पुण्यात बसून इथल्या पुरात उडी मारल्याबद्दल.”

हसण्याचा असा लोट उठला की आप्पासो खुर्चीतून उठले आणि कुणाकडं न बघता चालते झाले. जयराज हात खाली घेऊन विंगेत आला. मला म्हणाला, “हे अक्षर तुझं आहे, मास्तर. बघून घेतो.” मी म्हटलं, “बघा.” शब्द तोंडातून गेला होता.

तिसरी चिठ्ठी. “दहा रुपये मास्तरांना, नाटकातून बायडाबाईचं नाव खोडल्याबद्दल.”

ही मीच लिहिली होती, तरी ऐकताना कान तापले. पहिल्या दोघांनी बक्षीस घेतलं नव्हतं. मी वही खाली ठेवून स्टेजवर गेलो, सगळ्या गावापुढं नमस्कार केला आणि नोट घेतली. कुणी टाळी वाजवली नाही, आणि ते बरोबरच होतं.

चौथी वाचताना सिद्धूचा आवाज बदलला. “दहा रुपये राहीबाई नाथाजी यांना, तालुक्याच्या सत्काराला माईकपुढं गप बसल्याबद्दल. राहीबाई यांच्याकडूनच.”

राहीबाई स्टेजवर चढली. माईककडं न बघता तिनं नोट घेतली, नमस्कार केला आणि तिथंच, समीक्षाच्या शेजारी, उभी राहिली. नथ घातलेली उंच राहीबाई आणि चटक्यांच्या हातांची बुटकी राहीबाई. समीक्षानं हळूच नथ काढून मुठीत धरली.

“पाचवी चिठ्ठी,” सिद्धू म्हणाला. “दहा रुपये बायडाबाई धोंडिराम यांना. महापुरात काहील त्यांनी ढकलली. मी नुसती वर बसले होते.”

सगळी तोंडं मागं वळली. रसाच्या गाड्यापाशी बायडाबाई पाठमोरी उभी होती, निघण्याच्या बेतात. मग वळली आणि माणसांच्या मधून, कुणी वाट करून देईल तशी, चालत आली. पायऱ्या चढताना तिनं दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर हात ठेवले. तीच दहा बोटं. आता गाठी आलेली, बेदाणे निवडून काळी पडलेली.

तिनं नोट घेतली, उलटीपालटी करून बघितली. सिद्धूनं सवयीनं माईक पुढं केला. “दोन शब्द बोला.”

बायडाबाईनं माईक बाजूला सारला. ती राहीबाईशी बोलली, पण माईक चालू होता आणि सगळ्या गावाला ऐकू गेलं.

“राहे, मला पवायला येत न्हवतं.”

राहीबाईला समजेचना. “आगं, येतंय म्हनलीस की. मी इचारलं तवा तूच...”

“न्हाई म्हनले असते तर तू मला वर वढून घितली असतीस. मग काहील कुनी ढकलली असती? माजी सासू हुती तिकडं.” तिचा आवाज चढला. “वड्यात पाय सुटलं का, तवा मी काठाला नुसती लोंबकळत हुते. तीनी खेपंला. वाटायचं, आता सुटलं हात. आन तू म्होरं तोंड करून रडत हुतीस.”

“मग सांगितलं का न्हाईस गं? सा वर्सं?” राहीबाई आता उघडउघड रडत होती. “येवडी सा वर्सं का न्हाई सांगितलंस?”

“तू इचारलंस कवा?” बायडाबाई म्हणाली. “भाकरी आनलीस, चटणी आनलीस. बायडे, पान्यात कसं वाटलं गं, आसं एकदा तरी इचारलंस?”

राहीबाईनं आपली नोट बायडाबाईच्या मुठीत कोंबली. बायडाबाईनं ती परत केली नाही. दोघी पायऱ्या उतरल्या आणि मांडवातून बाहेर पडल्या, एक पुढं, एक मागं, हातभर अंतर ठेवून. नाटक पुढं झालं नाही.

भिंतीवरचं चित्र अजून तसंच आहे. माझ्या बदलीचं बघायला जयराज तालुक्याला खेटे घालतोय. त्याचं मला काही वाटत नाही. मला डाचतंय ते दुसरंच. हे नाटक लिहिण्यासाठी मी राहीबाईशी दहा वेळा बोललो, आप्पासोंशी बोललो, फोटो काढणाऱ्यालाही गाठलं. बायडाबाईचं घर शाळेपासून चालत सात मिनिटांवर आहे आणि मी तिच्या दारात एकदाही गेलो नाही. नाव तर मी नंतर खोडलं. तिला विचारलं मात्र आधीही नव्हतं. दहा रुपयांत मी फार स्वस्तात सुटलो.